कोकणातली घरं पाहायला: शनिवार-रविवारच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही सहल नेमकी कसली?

घरं पाहायची. समुद्र वाटेत लागतोच, देवळंही लागतात, पण आपण थांबतो ते घरांसमोर आणि जमेल तिथे घरांच्या आत. रत्नागिरी ते गुहागर या पट्ट्यातली कौलारू घरं, त्यांची पडवी, ओटी, माजघर, मागची न्हाणी, विहीर आणि विहिरीपासून सुरू होणारं आगर (नारळी-पोफळींची बाग), हे सगळं दोन दिवसांत निवांत बघायचं. एका दिवसात बारा ठिकाणं उरकणारी सहल हवी असेल तर तशी सोय करणारे भरपूर आहेत, खुशाल त्यांच्याकडे जावं. आमच्याकडे एकेका घरात दीड-दोन तास सहज जातात. कुणी कंटाळलंच तर बाहेर गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून राहायला आमची हरकत नसते.

दोन दिवसांचा कार्यक्रम कसा असतो?

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी रत्नागिरी. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा बघून, जेवून, आरे-वारेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यावरून मालगुंड. तिथे केशवसुतांचं घर. मुक्काम तिथेच जवळपास, एका वाडीतल्या घरात. रविवारी सकाळी जयगडला फेरीबोटीत गाडी चढवायची (इथे सगळे तिला जंगलजेटीच म्हणतात), खाडी ओलांडून तवसाळला उतरायचं आणि हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर गाठायचं. गुहागरात दोन राहती घरं आणि दुपारचं जेवण. मग सुमारे ४५ किलोमीटरवर चिपळूण, आणि तिथून परतीची रेल्वे.

गणपतीपुळ्याला दर्शनासाठी वेळ देतो. रांग मोठी असेल तर मात्र कळसाला हात जोडून पुढे निघतो.

घर पाहायचं म्हणजे त्यात पाहायचं काय?

आधी पाऊस डोळ्यांसमोर आणायचा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. शिवाय तो नुसता वरून पडत नाही. समुद्राकडून वारा सुटला की झड आडवी येते. कोकणी घराची निम्मीअधिक बांधणी त्या झडीसाठी आहे. हे एकदा लक्षात आलं की घर आपलं आपण वाचता येतं.

खालून सुरुवात करू. जोतं उंच असतं, चांगलं बसून पाय खाली सोडता येतील इतकं, कारण पावसात अंगणाचं तळं होतं. वर छप्पर दुपाखी किंवा चौपाखी, उतार चांगला तीव्र. पाखं, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, पार खाली आणून सोडलेली असतात, इतकी की उंच माणसाला वळचणीखाली वाकूनच शिरावं लागतं. पाहुण्याने नम्र होऊन यावं म्हणून दार ठेंगणं केलं, असं काही गाइड सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण छप्पर खाली आणलं की पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही आणि दुपारचं ऊनही बाहेरच राहतं, एवढं साधं कारण पुरेसं आहे. जुन्या भिंती मातीत रचलेल्या. कुठे चिरा (तासलेला जांभा दगड), कुठे कच्ची वीट, कुठे नुसता कुड, म्हणजे काटक्यांवर माती लिंपलेली भिंत. अशा भिंतीला चार महिने पाणी लागलं तर ती उभी कशी राहणार? म्हणून भिंत आणि पाऊस यांच्या मध्ये पडवी. पडवीच्या उघड्या बाजूला मे महिन्यात चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) विणलेले झाप बांधायचे आणि पाऊस सरला की सोडायचे. आता बऱ्याच ठिकाणी झापांच्या जागी निळं-हिरवं प्लॅस्टिक दिसतं. डोळ्यांना बोचतं खरं, पण काम तेच करतं.

पडवीतून एक पायरी चढून ओटी. झोपाळा इथे, पाहुणे इथे, हिशेब आणि भांडणंही इथेच. ओटीच्या आत माजघर: घराचा मधला, सगळ्यांत काळोखा आणि सगळ्यांत गार भाग. बाहेरून आल्यावर दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग छपरातलं एखादं काचेचं कौल लक्षात येतं आणि त्यातून जमिनीवर पडलेला उजेडाचा चौकोन. देवघर आणि बाळंतिणीची खोली माजघराला लागून. वर माळा, तिथे नारळ, सुपाऱ्या, जुनी भांडी आणि कुणालाच टाकवत नाही असं सगळं. खांबाला फणस किंवा किंजळ, मोठ्या तुळयांना ऐपत असेल तर साग आणि कौलांखालच्या रिपांना चिरलेली पोफळ. जे आगरात उगवतं तेच डोक्यावर येतं.

मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागची पडवी. आम्ही तिथे मुद्दाम जास्त वेळ थांबतो. बहुतेक पाहुणे ओटीचे, झोपाळ्याचे, कोरीव खांबांचे फोटो काढून परततात आणि मागचं दार बघतच नाहीत. गुहागरच्या एका घरात पुढचा आणि मागचा असे दोन्ही उंबरे एकाच लाकडाचे, एकाच वेळी बसवलेले आहेत. पुढचा अजून काटकोनात आहे. मागचा मधोमध इतका झिजलाय की त्यात तळहात बसतो. पाणी, लाकडं, शेण, भात, धुणं, सगळं त्या दारातून आत-बाहेर झालं. दाराशेजारी जमिनीत बसवलेलं उखळ, त्यापलीकडे न्हाणी. न्हाणीचं पाणी चरातून अळूच्या आणि केळीच्या बुडाशी जातं, त्यामुळे घरातलं अळू कुठलं असा प्रश्न जेवताना विचारू नये. चुलीचा धूर वर वाशांवर जाऊन बसतो आणि लाकडाला कीड लागू देत नाही. गॅस आल्यावर वासे पोखरायला लागले, अशी तक्रार घराघरांत ऐकू येते. तीत तथ्य आहे.

शेवटी विहीर, रहाट किंवा आता पंप, आणि पाटाने आगरात गेलेलं पाणी.

सगळीकडे दिसणारा हा तांबडा दगड कोणता?

जांभा. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असलेला, लाखो पावसाळ्यांनी खडकातलं बाकीचं धुऊन नेल्यावर उरलेला सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना तो चांगलाच मऊ असतो. पूर्वी कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे तासून काढत, आता चिरेखाणींवर यंत्राची करवत फिरते. उघड्या हवेत राहिला की चिरा टणक होतो. म्हणून जाणता गवंडी खाणीतून आलेला माल लगेच भिंतीत लावत नाही, एक पावसाळा बाहेर पडू देतो.

भिंती, जोती, विहिरी, गडगे आणि पाखाड्या, सगळं याच दगडाचं. पाखाडी म्हणजे वाडीतून वर चढत जाणारी चिऱ्यांची पायवाट. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून केलेला गडगा मुद्दाम जवळून बघा. पाणी त्यातून निघून जातं, त्यामुळे तो ढासळत नाही. त्याच जागी सिमेंटची कंपाउंड वॉल घातली आणि पाण्याला वाट ठेवली नाही की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ती आडवी झालेली आढळते.

कौलं 'मंगलोरी' का? कोकणात कौलं होत नव्हती का?

होत होती. गावचे कुंभार चाकावर नळीची कौलं करत, ती लहान, अर्धगोल आणि एकावर एक नुसती ठेवलेली. वारा आला की सरकायची, मांजर चाललं तरी सरकायची, आणि दर वर्षी उन्हाळ्यात छप्पर शाकारावं लागायचं. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगलोरला कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबून केलेली ही सपाट कौलं खाचेत खाच अडकून बसतात, वजनाला कमी पडतात आणि पाणी आत येऊ देत नाहीत. ती गलबतांतून किनाऱ्याने वर आली. आज आपण ज्याला अस्सल पारंपरिक कोकणी छप्पर म्हणतो ते असं जेमतेम दीडशे वर्षांचं आहे. त्याआधी बहुतेक लोक गवताच्या आणि चुडतांच्या छपराखालीच राहत होते. 'पूर्वीपासून असंच' हे वाक्य कोकणात जरा जपून वापरावं.

नळीची कौलं आता राहत्या घरांवर विरळा. गोठ्यावर किंवा मांगरावर, म्हणजे शेतातल्या खोपट्यावर, कधीकधी दिसतात. दिसली की गाडी थांबवतो.

थिबा राजवाड्याला एवढा कमी वेळ का? तीच तर रत्नागिरीतली सगळ्यांत मोठी वास्तू आहे.

मोठी आहे, सुंदरही आहे. तीन मजले, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम, आत संग्रहालय आणि मागे खाडीचा देखावा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ साली इंग्रजांशी हरला, आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. बंगल्या-बंगल्यांतून दोन तपं काढल्यावर १९१० साली हा वाडा तयार झाला. १९१६ साली तो इथेच वारला. म्हणजे इतक्या वर्षांच्या कैदेत वाड्याचं सुख जेमतेम सहा वर्षांचं.

तासभर त्याला देतो. त्यात एकच गोष्ट बघायला सांगतो: सरकारी पैशाने, परक्या राजासाठी, परक्या पद्धतीने बांधलेल्या इमारतीलाही कोकणच्या पावसापुढे उतरतं छप्पर घ्यावंच लागलं. बाकी माहिती तिथल्या फलकांवर आहे.

टिळकांचं आणि केशवसुतांचं घर आता स्मारकं आहेत. त्यांत 'घर' किती उरलंय?

विचारायलाच हवा असा प्रश्न. टिळकांचा जन्म १८५६ सालचा. टिळक आळीतलं घर राज्य संरक्षित स्मारक आहे, नीट राखलेलं आहे आणि कोकणी पद्धतीचं कौलारू घर पहिल्यांदाच पाहणाऱ्यासाठी सुरुवात म्हणून उत्तम आहे. पण आत चूल पेटत नाही, भिंतीवर तसबिरी आणि माहिती. घराचा सांगाडा समजून घ्यायला ते बरं पडतं: कुणाच्या जेवणाखाण्यात लुडबुड न करता वासे मोजता येतात.

मालगुंडचं घर आम्हाला जास्त भावतं. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, इथे १८६६ साली जन्मले. वडील शाळामास्तर. तेव्हा घरही तसंच, बेताच्या मिळकतीच्या माणसाचं. मोठमोठे वाडे पाहून आल्यावर हे लहान घर पाहिलं की कोकणात बहुसंख्य बऱ्या घरातले लोक कसे राहत असतील याचा अंदाज येतो. शेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक आहे, त्याचं उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं. कवितेचे दर्दी तिथे रेंगाळतात. त्यांना हाका मारून आणावं लागतं, दर खेपेला.

गणपतीपुळ्याला 'प्राचीन कोकण' नावाचं उघड्यावरचं प्रदर्शन आहे, तेही अनेक जण सुचवतात. लहान मुलं बरोबर असतील तर जरूर बघा. आमच्या कार्यक्रमात ते बसत नाही.

दाखवता ती मोठी घरं बहुतेक एकाच समाजाची नाहीत का?

आहेत, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. चिरेबंदी जोतं, सागाच्या तुळया, लांबलचक आगर, हे ज्यांच्याकडे जमीन आणि खोती (गावचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क) होती त्यांचं. ती सांभाळली गेली, कारण मुळात टिकाऊ बांधायची ऐपत होती. त्याच गावात डोंगराच्या अंगाला कुळवाड्यांच्या, म्हणजे खोताची जमीन कसणाऱ्यांच्या, वाड्या होत्या. त्यांची घरं कुडाची, गवताने शाकारलेली. ती दर काही वर्षांनी नव्याने उभी राहत, त्यामुळे त्यांचं 'हेरिटेज' झालं नाही. खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, आणि खोती नाहीशी करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. खोताच्या ओटीवर बसून तिचे खांब पाहताना, तिच्या पायरीखाली कोण उभं राहायचं आणि वर कोणाला बोलावलं जायचं, हेही आम्ही बोलतो. काही यजमान स्वतःच बोलतात, आणि आमच्यापेक्षा मोकळेपणाने.

म्हणून कार्यक्रमात एक फेरी जयगड बंदराकडच्या वस्तीतून असते. खारव्यांची (मासेमारी करणाऱ्यांची) घरं अगदी दाटीने, पुढे जाळी आणि मासळी वाळवायला जागा, आगर वगैरे काही नाही. मुसलमान मोहल्ल्यातली जुनी घरं वेगळी: बोटीवरच्या आणि पुढे आखातातल्या कमाईवर वाढलेली, दर्शनी भाग नटवलेला, खिडक्यांना रंगीत काचा. सांगाडा मात्र तोच, तीच पाखं, तीच पडवी. पाऊस सगळ्यांचा एकच.

लोकांच्या राहत्या घरात शिरताना काय सांभाळायचं?

यजमानांना आधी कळवलेलं असतं, तरी दारातून 'आहे का कुणी घरात?' अशी हाक मारून, उत्तर आल्यावरच पायरी चढायची. चपला खाली, पायरीजवळ पाणी ठेवलेलं असेल तर पाय धुऊन. पडवी आणि ओटी सगळ्यांना मोकळी. माजघराच्या आत कुणी बोलावलं तरच. देवघराचा फोटो विचारून, आणि ज्या घरात नको म्हणतात तिथे दुसऱ्यांदा विचारायचं नाही. घरातल्या थोरांना काका, काकू, आजी म्हणावं. 'अंकल-आंटी' ऐकलं की पुढच्या गप्पा आखडत्या होतात, असा अनुभव आहे.

'केवढ्याला पडेल हो हा झोपाळा?' हे कृपा करून विचारू नका. झोपाळ्याच्या पितळी कड्या, कोरीव चौकटी, हंडे, समया विकत घेणारे लोक गावोगाव फिरत असतात. घरात म्हातारं माणूस एकटं असेल तर तासाभरात सौदा करून टेम्पो भरून नेतात. तुम्ही नुसतं कौतुकाने विचारता, पण समोरच्याला तेच लोक आठवतात.

पैशाचं म्हणाल तर तुम्ही कुणाच्याही हातात नोटा द्यायच्या नाहीत. दाखवण्याचे पैसे घेणं अनेकांना पटत नाही, आणि चहा-पोहे तर ते स्वतःहून पुढे करतात. आम्ही घराघराशी आधीच ठरवलेलं असतं. कुणी सरळ मानधन घेतं, कुणी ग्रामदेवतेच्या देवळात द्यायला सांगतं. तुम्हाला काही करावंसं वाटलं तर घरची आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ, सुपारी विकत घ्या. भाव करू नका.

ड्रोन नाही. याला अपवाद नाही.

सहलीचा खर्च किती येतो?

रेल्वेचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. रत्नागिरी ते चिपळूण गाडीभाडं, मुक्काम, जेवणं, फेरीबोट आणि घरांचं मानधन यांची बेरीज करून ती माणसांवर वाटतो. त्यामुळे गट भरला तर खर्च उतरतो. नक्की आकडा तारीख ठरताना कळवतो. गट पंधराच्या वर नेत नाही. एका ओटीवर त्याहून जास्त माणसं नीट बसत नाहीत, आणि मागची ऐकू येत नाही म्हणून आपापसांत बोलायला लागतात.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. अंगणात नवं खळं चोपलेलं असतं, सारवलेलं असतं, सुपाऱ्या वाळत पडलेल्या असतात. एप्रिल-मे मध्ये आंबा, उकाडा आणि चाकरमान्यांची गर्दी. घराघरांत पाहुणे असल्याने आम्ही त्या दिवसांत कमी येतो. पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाच्या आधीची धांदल बघण्यासारखी असते: छपरावर माणसं चढलेली, फुटकी कौलं बदलणं चाललेलं, पडवीत वर्षाची लाकडं रचणं, झाप बांधणं. छपराचं काम कसं चालतं हे कळायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

गणपतीत आणि शिमग्यात सहल नाही. घरं उघडी असतात, देवदर्शनाला कुणीही जावं. पण दर्शनाला जाणं वेगळं आणि भिंती न्याहाळत हिंडणं वेगळं.

पावसाळ्यात नेता का?

जुलै-ऑगस्टमध्ये एखादी सहल काढतो, पण लहान. पागोळ्या गळताना पडवीत बसल्याशिवाय पडवी कशासाठी आहे ते उमगत नाही, हे आमचं ठाम मत. अडचणीही सांगतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात. घाटात दरड येऊ शकते. समुद्र खवळलेला असला की फेरीबोट बंद ठेवतात, मग जयगडहून खाडीला वळसा घालावा लागतो आणि अर्धा दिवस त्यात जातो. कपडे वाळत नाहीत. गोगलगाय, वाळा (गांडुळासारखा बिनविषारी साप) आणि कधी विषारी फुरसंही भेटतं, तेव्हा संध्याकाळी विजेरी हातात असल्याशिवाय अंगणात उतरायचं नाही.

मुक्काम जुन्या घरातच का? सोयी कशा असतात?

रात्री घर कसं आवाज करतं ते हॉटेलात कळत नाही. गाद्या स्वच्छ, मच्छरदाणी, पंखा, गरम पाणी, कमोडसकट आधुनिक शौचालय, एवढं असतं. एसी नसतो. शौचालय बहुतेक घरांत मुख्य इमारतीपासून सुटं, चार पावलं बाहेर. खोल्या कमी, म्हणून बायका माजघरात आणि पुरुष ओटीवर अशी झोपायची व्यवस्था करावी लागते. स्वतंत्र खोली हवीच असेल तर आधी सांगा, गणपतीपुळ्यात लॉज पाहता येईल.

जेवण कसं?

मुक्कामाच्या घरात शाकाहारी, घरच्यासारखं नव्हे, घरचंच. तांदळाची भाकरी, डाळिंब्यांची उसळ, कुळथाची पिठी, मोसमात फणसाची भाजी, सोलकढी. मासे शनिवारी दुपारी रत्नागिरीत खाऊन घ्यावेत. गुहागरला मोदक मागवता येतात, शुक्रवारपर्यंत आकडा कळवा, नंतर 'अजून चार मिळतील का' असं होत नाही.

आजी-आजोबा आणि लहान मुलं येऊ शकतील का?

येऊ शकतील, पण पायऱ्या आहेत. पाखाड्या पावसानंतर शेवाळतात. माळ्याचा जिना उभा आणि अरुंद, तो सगळ्यांनी चढलाच पाहिजे असं नाही. गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी गुहागरची दोन घरं जरूर बघावीत, ती रस्त्याच्या कडेला सपाटीवर आहेत. गुहागर गावच तसं वसलंय: लांबच लांब एकच रस्ता, दोन्ही अंगांना घरं, आणि समुद्राकडच्या घरांचं आगर थेट किनाऱ्यापर्यंत निमुळतं गेलेलं. पुढच्या दारात एसटी आणि मागच्या दारात लाटा.

मुलांना विहिरीच्या काठावर एकटं सोडू नका. कठडे जुने असतात.

जुनी घरं पाडून लोक स्लॅब टाकतात, त्याबद्दल तुमचं काय म्हणणं?

आम्हाला वाईट वाटतं, पण आम्ही दोन दिवस येऊन जाणारी माणसं. तिथे राहणाऱ्याची बाजू ऐका. कौलं फिरवायला माणूस मिळत नाही, मिळाला तर रोज परवडत नाही. वानरांच्या टोळ्या छपरावरून उड्या मारत जातात आणि एका सकाळी पन्नास कौलं फोडून ठेवतात. तक्रार करायची कुणाकडे? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात छपरं उडाली, माडा-पोफळींची आगरं आडवी झाली. पाऊस दारात उभा असताना लोकांनी हाताला लागले ते पत्रे घातले, आणि बऱ्याच घरांवर ते अजूनही आहेत.

शिवाय सातबारा आणि घरपट्टी. एका घरावर पंधरा-वीस जणांची नावं, निम्मे मुंबईला, दोघे अमेरिकेत, एकाचा पत्ताच नाही. दुरुस्तीला वर्गणी काढायची तर गणपतीत सगळे जमतात तेव्हा बोलणं निघतं आणि गौरी-विसर्जनापर्यंत भांडण होऊन थांबतं. घर पडतं ते बहुतेकदा पावसाने पडतच नाही. आधी ते कागदावर अडकतं, मग एक कौल सरकतं, वाशात पाणी मुरतं, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी आढं खाली येतं. रिकाम्या घरात निदान वर्षाला एकदा छपराची डागडुजी झाली तरी ते आणखी कितीतरी वर्षं उभं राहतं.

आमचं गावी जुनं घर आहे. दुरुस्तीबद्दल सांगाल का?

आम्ही आर्किटेक्ट नाही. छपराच्या लाकडाला हात लावण्याआधी जाणकार सुतार आणि जुन्या बांधकामांचं काम केलेला आर्किटेक्ट, दोघांना दाखवा. तीन गोष्टी मात्र सगळेच सांगतात. पहिलं छप्पर, मग बाकीचं. जांभ्याच्या आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट लावू नका. भिंत श्वास घेते, ओल आत कोंडली की रंगाचे पापुद्रे सुटतात आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचा गिलावा चालतो. आणि पडवी बंद करून खोली काढायचा मोह आवरा. तसं केलं की झड थेट नव्या भिंतीवर येते आणि माजघरातला उरलासुरला वाराही जातो.

स्वतःच्या गाडीने आलं तर?

चालेल. मुंबईहून रत्नागिरी साधारण साडेतीनशे किलोमीटर. महामार्गाच्या कामाची स्थिती निघायच्या आदल्या दिवशी कुणाला तरी विचारून घ्या. पुण्याहून कोल्हापूरकडून आंबा घाटाने येता येतं. वाडीतले रस्ते अरुंद आहेत, समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे जावं लागतं, आणि ती एसटी नसते.

सावंतवाडी किंवा अलिबागकडे अशी सहल का नाही?

दोन दिवसांत किनारा सगळा होत नाही. सावंतवाडीचा राजवाडा, गंजिफा आणि लाकडी खेळणी, वेंगुर्ल्याची पडकी डच वखार, गणपतीवर टांगायची माटवी अजून बांधतात ती मालवण-कुडाळकडची घरं, हा ऐवज वेगळा आणि त्याला तीन दिवस हवेत. अलिबागची इस्राएल आळी, तिथलं आणि रेवदंड्याचं सिनेगॉग, चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज अवशेष हे मुंबईकरांना एका दिवसातही जमतं, त्यासाठी आमची गरज नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते.

सोबत काय आणावं?

विजेरी, टोपी, पाण्याची बाटली, सहज काढता-घालता येणाऱ्या चपला. लेस असलेले बूट आणू नका, प्रत्येक पायरीशी तुमची वाट बघावी लागते. रेखाटनं करणाऱ्यांनी वही जरूर आणावी. चित्र काढत बसलेल्या माणसाजवळ घरातलं कुणीतरी येऊन बसतंच, आणि मग जी माहिती मिळते ती आमच्याकडेही नसते.

नाव दिल्यावर येणं रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

आठ दिवस आधी कळवलं तर गाडीभाड्याचा वाटा सोडून बाकीचे परत. त्यानंतर कळवलं तर जेवण-मुक्कामाचे परत मिळत नाहीत, कारण यजमानांनी तांदूळ निवडून ठेवलेले असतात आणि नारळ उतरवलेले असतात. तुमच्याऐवजी दुसरं कुणी पाठवलंत तर चालेल, फक्त नाव आणि फोन नंबर आदल्या बुधवारपर्यंत कळवा. मालगुंडच्या पुढे रेंज अधूनमधूनच मिळते, तेव्हा घरच्यांना शनिवारी दुपारीच फोन करून ठेवा.